तिसरा नमुना

पहिलवानाने आयुष्यात एकही कुस्ती खेळलेली नव्हती. दारातून वाकून यावं लागणारी उंची आणि फावड्यासारखे हात, एवढ्या भांडवलावर लोकांनी त्याला ही पदवी देऊन टाकली होती. डुकरांच्या त्या फार्मवर तो अकरा वर्षं कामाला होता, आणि त्याची बायकोही. तिला सगळे वहिनीच म्हणत. आडदांड दिसणाऱ्या माणसाचं एक दुर्दैव असतं. कुठे काही मोडलं, की लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग मोडलेल्या वस्तूकडे. गेले तीन महिने सगळे पहिलवानाकडे बघत होते, आणि त्या बघणाऱ्यांत वहिनीही होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

या खेपेला बिघडले होते ते डुकरांचे पाय. पिल्लं अडीच-तीन महिन्यांची झाली, की त्यांना पिल्लांच्या शेडमधून मोठ्या शेडमध्ये न्यायचं असतं. ते काम पहिलवानाचं. हातात रुंद फळी धरून मागून हाकायचं, मधला बोळ पार करायचा आणि दहा-दहाच्या कप्प्यांत त्यांना कोंडायचं. हलवून आठ-पंधरा दिवस झाले की त्यांतली काही अचानक लंगडायला लागत. ताप नाही म्हटलं तरी चालेल, अंगावर ओरखडा नाही, खाण्यावरून मन उडालेलं नाही. फक्त उठायचा कंटाळा. कुत्र्यासारखी ढुंगणावर बसून राहत, आणि उठलीच तर मागचा पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखा ठेवत. चाळिसांत सहा, कधी आठ.

मालक वाईट माणूस नव्हते. रोज सकाळी स्वतः बूट चढवून शेडमध्ये उतरत, उंटावरून शेळ्या हाकत नसत. पण त्यांना दोन गोष्टी एकीमागून एक दिसल्या, की पहिलीमुळे दुसरी झाली असंच वाटे. हलवतो पहिलवान आणि लंगडतात डुकरं. मग पहिलवान त्यांना फळीने मारत असणार, किंवा लाथेने. सरळ हिशेब होता, आणि सरळ हिशेबाशी वाद घालायला फार दम लागतो.

डॉक्टरबाई दोनदा येऊन गेल्या होत्या. निवृत्तीला आलेली, सडपातळ, दिवसात चार फार्म फिरून पाचव्याकडे निघालेली बाई. बोलण्यात हसू असे, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचेतो दमून जाई. पहिल्या खेपेला त्यांनी दोन डुकरांना गुंगी देऊन सांध्यातलं पाणी सुईने काढून नेलं. प्रयोगशाळेचं उत्तर आलं, त्यात कुठलाही जंतू वाढला नाही. दुसऱ्या खेपेला एक डुक्कर मारून उघडलं. हाड शाबूत, कुठे फ्रॅक्चर नाही, सांध्यात पाणी मात्र जरा जास्त. उत्तर आलं, काही सापडलं नाही.

"म्हणजे मारच," मालक म्हणाले.

"काही सापडलं नाही म्हणजे काही सापडलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याचा एवढाच अर्थ होतो. मी अजून एकदा येते."

"या. पण तिसऱ्यांदाही कोरा कागद आला तर माझा निर्णय झालेला आहे." मग ते पहिलवानाकडे वळले. "मी तोंडावर सांगतो, मागे बोलत नाही. काही निघालं नाही तर महिनाअखेरीला तू दुसरीकडे बघ."

दुसरीकडे कुठे? फाटकाजवळच्या दोन खोल्या फार्मच्याच होत्या. पन्नाशीला टेकलेला माणूस, हाती या एका कामाशिवाय दुसरं काम नाही, आणि मागे येणारी कीर्ती अशी, की हा जनावरांना मारतो. असल्या माणसाला कुठलाही फार्म दारात उभं करत नाही. वहिनीच्या पायाखालची वाळू सरकली. पहिलवान फक्त "बरं" म्हणाला आणि बोळ धुवायला गेला.

त्या "बरं"ने तिचा जुना संशय पक्का केला. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का, असं तिला वाटलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या डुकराने त्याचा हात लोखंडी फाटकावर चेपला होता. नख काळंनिळं झालं होतं, आणि कळ मस्तकात गेली तशी त्याने त्या डुकराला लाथ घातली होती. एकच. तिने ती पाहिली होती. पण तो डुकरं हलवतो कशी, हे मात्र तिने अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्या वेळेला ती पलीकडच्या शेडमध्ये नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना लोहाची सुई देत असे. न पाहिलेल्या जागी माणूस पाहिलेलंच नेऊन ठेवतो. तिने तिथे ती लाथ पहिल्याच महिन्यात ठेवली होती.

आणि तेव्हापासूनच, डॉक्टरबाई पहिल्यांदा यायच्याही आधीपासून, ती नवऱ्याला वाचवायला निघाली होती. औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असे. पिल्लांना मागे खोकला झाला होता तेव्हाच्या लाल बुचाच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. मोठ्या शेडमध्ये डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय सुई द्यायची नाही, हा नियम तिला पाठ होता. तरी दुपारी पहिलवान खाण्याच्या गोदामात असला, की ती पदराआड सिरिंज घेऊन कप्प्यांतून फिरे. लंगडणारं दिसलं की कानामागे सुई. औषधाचा गुण यायला दोन दिवस लागत, पण येई. तिचा विचार साधा होता. लंगडणारी जितकी कमी, तितका मालकांचा संशय कमी.

"बघ," पहिलवान एकदा जेवताना म्हणाला, "दोन-तीन दिवसांत आपोआप चालायला लागतात. सुंठीवाचून खोकला जातोय." ती "हो ना" म्हणाली आणि पाणी आणायला उठली. दिवसभराचं काम, वरून ही चोरी, आणि संध्याकाळी त्याच्यासमोर बसून जेवायचं. तिला वाटे, कुणीतरी एक दिवस आपल्याला नुसतं झोपू द्यावं.

डॉक्टरबाई तिसऱ्यांदा आल्या त्या सकाळी आभाळ मळकट होतं आणि शेडमधले पंखे घरघरत होते. त्यांनी बूट औषधाच्या पाण्यात बुडवले, अंगात निळा झगा चढवला आणि पहिल्या कप्प्यात शिरून नुसत्या उभ्या राहिल्या. डुकरं आधी दूर पळाली, मग हुंगत जवळ आली. घाई करणाऱ्याला लंगडं डुक्कर दिसत नाही, कारण घाबरलं की तेही धावतं.

"अगदी आज लंगडायला लागलेलं आहे एखादं?" त्यांनी विचारलं. "कालपर्यंत धड होतं, असं?"

"चौथ्या कप्प्यात आहे," पहिलवान म्हणाला. "सकाळी खाणं टाकताना दिसलं मला."

"त्याला काही औषध दिलंय?"

"नाही."

"आधीच्यांना?"

"कुणालाच नाही. किल्ली हिच्याकडे असते. माझ्या नकळत ही काडी हलवत नाही."

तो हे इतक्या सहज बोलला, की वहिनीने नजर खाली वळवली. चौथ्या कप्प्यातल्या त्या डुकराला तिने उजाडताच सुई दिली होती. डॉक्टरबाई येणार म्हणूनच दिली होती, त्या येईपर्यंत जरा तरी सावरावं म्हणून.

"मी हे सगळीकडे विचारते," डॉक्टरबाई मालकांना सांगू लागल्या, "आणि सगळीकडे नाही म्हणतात. सांगते का विचारते ते. एवढ्या वयात, हलवल्यानंतर, ताप नसताना अशी लंगडायला लागली, की माझा संशय एका जंतूवर जातो. हा बहुतेक कळपांत असतोच. डुकरांच्या घशात बिऱ्हाड करून राहतो आणि एरवी कुणाला त्रास देत नाही. जागा बदलली, अनोळखी डुकरं एकत्र आली, की त्या ताणात काहींच्या रक्तातून सांध्यात उतरतो. पहिलवानाने त्यांना मांडीवर बसवून नेलं तरी उतरेल."

"मग तपासणीत का येत नाही?" मालकांनी विचारलं.

"घशात सापडून उपयोग नाही, तिथे तो निरोगी डुकरांतही असतो. सांध्यात सापडायला हवा. आणि सांध्यात तो पाहुण्यासारखा थोडेच दिवस टिकतो. त्यात औषधाची एक सुई गेली की संपलं. आम्ही रिकामं पाणी तपासत बसतो. म्हणून मला ताजं लंगडलेलं, काहीही न दिलेलं डुक्कर हवं. चला, चौथ्यातलं बाहेर घ्या."

पहिलवान फळी घ्यायला वळला. वहिनीच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं, दोन कोरे कागद, तीन बाटल्या, महिनाअखेर. नवऱ्याला सोडवणारा साक्षीदार ती स्वतःच्या हाताने दर दुपारी मारत आली होती. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडतं, पण इथे तिने उजाडूच दिलं नव्हतं. आता गप्प राहिलं तर तिसराही कागद कोरा येणार होता.

"ते नको," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "ते नको, डॉक्टरबाई. त्याला मी सकाळी सुई दिलीय."

पहिलवानाने उचललेली फळी परत भिंतीला टेकवली.

"आणि मी आधी तपासलेल्यांना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्यांनाही. जे लंगडलं त्या प्रत्येकाला."

"कुठलं औषध?"

"लाल बुचाचं."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. त्या रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात थोडं काही शिल्लक लागतं. "बरोब्बर निवडलंत," त्या म्हणाल्या. "माझ्याआधी तुम्हीच निदान केलंत म्हणायचं. यांना विक्रीला अजून दोन महिने आहेत, तोवर औषध अंगातून उतरेल, तेवढं नशीब. नाहीतर प्रकरण वेगळं झालं असतं."

"पण का, वहिनी?" मालकांनी विचारलं. "डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय नाही, हा नियम माहीत होता ना तुम्हाला?"

तिने पहिलवानाकडे पाहिलं नाही. "दया आली," ती म्हणाली. खोटं बोलायला इतकं सोपं काही तिला आजवर मिळालं नव्हतं.

"मालक, तिला बोलू नका," पहिलवान म्हणाला. "दिवसभर पिल्लांत असते. लंगडताना बघवलं नसेल तिला. चूक झाली, माझ्या नावावर मांडा."

एखाद्याने थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.

मग नव्याने शोध सुरू झाला. तो पहिलवानाने केला. एकेका कप्प्यात शिरून तो खाली बसे, पाठीवर बोटं फिरवून डुकराला उठवी आणि कोण कसं उठतं ते बघत राही. नवव्या कप्प्यात एक मादी बाकीच्यांच्या मागून उठली. लंगडत नव्हती, नुसती उभी राहून मागच्या दोन पायांवर वजन बदलत होती. मालकांना काही दिसलं नाही. वहिनीलाही नाही.

"ही," पहिलवान म्हणाला. "काल अशी नव्हती."

डॉक्टरबाईंनी सांधा चाचपला, दाबला, ताप घेतला. मादीने पाय आखडून घेतला. "वहिनी, हिला?"

"नाही. ही मला दिसलीच नव्हती."

त्या मादीला मागच्या पत्र्याखाली नेलं. पहिलवानाने तिला दोन्ही हातांत धरलं, डॉक्टरबाईंनी आधी गुंगीची सुई दिली, मग दुसरी, शेवटची. तिचं ओझं हळूहळू त्याच्या हातांवर आलं. पूर्ण निपचित होईपर्यंत तो तिचा कान चोळत होता, आणि झाल्यावरही थोडा वेळ. डॉक्टरबाईंनी कातडी धुऊन, सुरी बदलून सांधा उघडला. आतून पिवळसर, जरा तारेसारखं लांबणारं पाणी आलं. आतलं अस्तर सुजलेलं होतं. हाडाला धक्का लागलेला नव्हता.

"माराचं हे असं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं दिसणं पुरत नाही, कागद लागतो." त्यांनी पाणी आणि अस्तराचा तुकडा बर्फात ठेवला आणि पाचव्या फार्मकडे निघून गेल्या.

कागद नवव्या दिवशी आला. तोवर वहिनीने एकाही लंगड्या डुकराला हात लावला नाही. लंगडणारी दिसत होती आणि ती नुसती बघत होती. इतकं थकवणारं काम तिने आधी कधी केलं नव्हतं. पहिलवान तिच्याशी नेहमीसारखा बोलत होता, आणि त्या नेहमीसारख्याचंच तिला भय वाटत होतं.

मालक स्वतः कागद घेऊन खोलीवर आले. सांध्यात जंतू सापडला होता, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तोच. आता लंगडणाऱ्यांना वेळेवर औषध द्यायचं, रीतसर, निशाणी करून. कप्पे बदलताना अनोळखी डुकरं शक्यतो मिसळायची नाहीत. "पहिलवान, माझं चुकलं," मालक म्हणाले. हे म्हणायला त्यांना दारातच उभं राहावं लागलं, आत येववलं नाही. "डोक्यात राख घालून बसलो मी. विसरून जा."

"झालं गेलं, मालक," पहिलवान म्हणाला. मालक सुटल्यासारखे निघून गेले.

वहिनीने चहा टाकला. आता सगळं मिटलं होतं, आणि ती इतकी दमली होती, की आधण उकळतंय हेही तिच्या लक्षात येईना. पहिलवानाने हात लांब करून गॅस बारीक केला आणि स्टुलावर बसला.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"मालकांपासून लपवलंस ते कळलं. नियम होता. माझ्यापासून का लपवलंस?"

ती कप पुसत राहिली.

"दया आली असती तर तू मला सांगितलं असतंस," तो म्हणाला. "पिल्लू मेलं तरी मला येऊन सांगतेस. मी नऊ दिवस हेच ठोकून बघतोय. दुसरं काही निघतंय का ते. निघत नाही."

त्याच्या आवाजात राग असता, तर ती भांडली असती. भांडण तिला जमलं असतं, त्याला दोघं लागतात. तिने कप ठेवला.

"मला वाटलं, तुम्हीच," ती म्हणाली.

मालकांनी तोंडावर म्हटलं होतं तेव्हा त्याने ते पावसात उभं राहावं तसं अंगावर घेतलं होतं. हे मात्र त्याला लागलं. त्याचा मोठा चेहरा तिच्यासमोर लहान झाला, आणि तिला त्या क्षणी स्वतःची अशी लाज वाटली, की जमीन फाटून पोटात घेईल तर बरं.

"अहो..." ती म्हणाली.

"उद्या चाळीस हलवायची आहेत," तो म्हणाला. "तू ये."

"कशाला? आता मला माहीत आहे ना. कागद आला."

"कागद मालकांना आला. तू ये."

दुसऱ्या दिवशी लोहाच्या सुया तिने उशिरा द्यायच्या ठरवल्या आणि बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभी राहिली. पहिलवानाने पिल्लांच्या शेडचं दार उघडलं आणि बाजूला झाला. फळी त्याने हातात धरली होती, पण तिचा उपयोग नुसता भिंत म्हणून होता. डुकरं उंबऱ्याशी अडली, तर तोही अडला. त्यांनी बोळ हुंगून घेतला, एकाने पाऊल टाकलं, मग दुसऱ्याने. "चला मंडळी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घाई नाही. जागा मोठी आहे, बघा तरी." मधेच एक उलटं फिरलं आणि त्याच्या गुडघ्यावर आदळलं. त्याने ओठ आवळले, फळी जरा तिरकी केली आणि ते आपोआप सरळ होईपर्यंत थांबला. चाळीस डुकरांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात त्याने एकदाही बायकोकडे पाहिलं नाही. कुणी बघत नसताना अकरा वर्षं हे जसं केलं असेल, तसंच त्याने केलं, आणि ते नाटक नव्हतं हे तिला कळत होतं, कारण असलं नाटक चाळीस डुकरांपुढे कुणाला वठत नाही.

शेवटच्या कप्प्याची कडी घालून तो तिच्याजवळ आला. गुडघा दुखत होता, त्यामुळे जरा पाय ओढत आला.

"बघितलंस?"

"बघितलं."

"झालं तर मग," तो म्हणाला. "पिल्लं थांबली असतील तुझी."

ती पिल्लांकडे गेली. एकेक पिल्लू उचलून सुई देताना तिला जाणवलं, की अकरा वर्षांत तिच्याकडून एखादी गोष्ट मागून घ्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आली होती, आणि ती गोष्ट त्याला न मागता मिळायला हवी होती.